जीपीएस रोज सकाळी उशिरा जागं होतंय? आधी घड्याळ लावून बघा

फोन येतो तो बहुतेक सकाळी सहाच्या आत. "दादा, गाडी निघून अर्धा तास झाला, मोबाइलवर अजून काल रात्रीच्याच जागी उभी दिसतीय." पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "दोनदा रीसेट मारला, तरी तेच."

मी गाड्यांना ट्रॅकर बसवतो. दुधाचे टँकर, शाळेच्या व्हॅन, हंगामात ऊस ओढणारे ट्रॅक्टर. साफ बंद पडलेला ट्रॅकर मला परवडतो. बदलला की विषय संपला. डोकं खातो तो हा उशिरा जागा होणारा. मी नऊ वाजता जागेवर पोचतो तेव्हा तो गुण्यागोविंदाने चालत असतो आणि तक्रार करणाराच खोटा पडतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी फोनवर तेच तेच बोलण्याऐवजी हे पाठवून देता येईल.

रीसेट मारणं आधी थांबवा

लोकेशन येईना म्हणून ट्रॅकर बंद-चालू करत बसणं म्हणजे भात झाला का ते बघायला दर दोन मिनिटांनी कुकरची शिट्टी उचलण्यासारखं आहे. दर वेळी वाफ जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. ट्रॅकरमधल्या जीपीएस रिसीव्हरने तोवर जी काही जमवाजमव केलेली असते ती करंट गेला की गेली. फॅक्टरी रीसेट तर त्याहून वाईट, कारण त्यात जपून ठेवलेलंही पुसलं जातं.

जपून काय ठेवलेलं असतं? चार गोष्टी. आत्ता किती वाजले, शेवटचं आपण कुठे होतो, सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक, आणि डोक्यावर असलेल्या एकेका उपग्रहाच्या कक्षेचा नेमका हिशोब. ढोबळ वेळापत्रकाला अल्मनॅक म्हणतात आणि नेमक्या हिशोबाला इफेमेरिस. एसटी स्टँडच्या फळ्यावर लिहिलेलं असतं ते अल्मनॅक. कंडक्टरला फोन लावून "आत्ता नेमके कुठे आलात?" असं विचारल्यावर जे उत्तर मिळतं ते इफेमेरिस. फळा काही आठवडे चालतो. कंडक्टरचं उत्तर लगेच शिळं होतं. जीपीएसच्या इफेमेरिसचं आयुष्य साधारण ४ तासांचं.

चारही गोष्टी ताज्या असतील तर रिसीव्हर एक-दोन सेकंदांत जागा सांगतो. याला हॉट स्टार्ट म्हणतात. वेळ, जागा, अल्मनॅक आहे पण इफेमेरिस शिळं झालंय, तर वॉर्म स्टार्ट. काहीच आठवत नाही, आपण कोण, कुठले, तारीख कोणती, तर कोल्ड स्टार्ट. सकाळच्या दहा तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त वेळा मला हेच सापडतं: ट्रॅकर बिघडलेला नसतो, त्याला रोज रात्री स्मृतिभ्रंश होत असतो.

घड्याळाची चाचणी

तुमचा ट्रॅकर सकाळी यापैकी कुठला स्टार्ट घेतोय हे ओळखायला कुठलंही मशीन लागत नाही. मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं.

गाडी उघड्या मैदानात न्या. वर पत्रा नको, झाड नको, शेजारी इमारत नको. लोकेशन नीट आल्यावर दहा मिनिटं तशीच चालू राहू द्या. मग रोज रात्री ज्या पद्धतीने बंद करता अगदी त्याच पद्धतीने बंद करा. ड्रायव्हर बॅटरीचा कटऑफ फिरवत असेल तर कटऑफच फिरवा, नुसती चावी काढू नका. पाच मिनिटं थांबा, चालू करा, घड्याळ लावा. ही पहिली वेळ.

दुसरी वेळ: गाडी रात्रभर त्याच उघड्या जागी उभी करून सकाळी. तिसरी वेळ: गाडी रात्रभर तिच्या नेहमीच्या जागी उभी करून सकाळी.

वेळ मोजायची ती ट्रॅकरवरच्या जीपीएसच्या दिव्यावर, मोबाइलवरच्या नकाशावर नाही. बहुतेक ट्रॅकरला दोन दिवे असतात, एक सिमच्या नेटवर्कचा आणि एक जीपीएसचा. नकाशावर गाडी हलायला दोन्ही लागतात. जीपीएसचा दिवा अर्ध्या मिनिटात लागला आणि नेटवर्कचा लुकलुकतच राहिला, तर दुखणं सिमचं आहे. रिचार्ज संपलेला असतो, नाहीतर त्या गावात त्या कंपनीची रेंज नसते. अशा केसमध्ये लोक अँटेना बदलून बसतात.

आता वाचन. पहिली वेळ दोन-पाच सेकंद आली तर स्मरणशक्ती शाबूत आहे. पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतरही अर्धं-पाऊण मिनिट लागलं, तर ट्रॅकर बंद होताना सगळं विसरतोय. बॅकअपची बॅटरी किंवा तिची वायर बघा. दुसरी वेळ अर्धं ते पाऊण मिनिट आली तर ती तक्रार नाहीच, रात्रभरात इफेमेरिस शिळं होणारच. पहिल्या दोन्ही ठीक आणि तिसरीच बिघडलेली, तर दोष गाडी उभी करायच्या जागेचा. आणि तिन्ही वेळा मिनिटांच्या मिनिटं लागत असतील, तेही उघड्या मैदानात, तर अँटेना, तिची जागा, नाहीतर शेजारचं एखादं विजेचं उपकरण सिग्नलमध्ये गोंगाट करतंय.

इतकंच करून निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो. उरलेल्यांसाठी पुढचं.

अर्धं मिनिट कुठून येतं

मालक मंडळींचा मला नेहमीचा प्रश्न: "मोबाइलला लगेच कळतं आपण कुठे आहोत, मग तुमच्या डब्याला काय धाड भरली?"

जीपीएसचा उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतो आणि आपला संदेश सेकंदाला ५० बिट या वेगाने पाठवतो. पन्नास. गुड मॉर्निंगचं १०० केबीचं गुलाबाचं चित्र या वेगाने पाठवायचं म्हटलं तर जवळजवळ साडेचार तास लागतील. या गोगलगाईच्या चालीने इफेमेरिस खाली येतं. संदेशाची एक फेरी १५०० बिटांची, म्हणजे ३० सेकंदांची. तिचे ६-६ सेकंदांचे पाच भाग. पहिल्या तीन भागांत उपग्रहाच्या घड्याळाची दुरुस्ती आणि इफेमेरिस असतं, शेवटच्या दोनांत अल्मनॅकचा एकेक तुकडा. संपूर्ण अल्मनॅक गोळा व्हायला अशा २५ फेऱ्या, म्हणजे साडेबारा मिनिटं.

मोबाइल हे आकाशातून उतरायची वाटच बघत नाही. त्याला इंटरनेटवरून इफेमेरिस आयतं मिळतं, जवळच्या टॉवरवरून ढोबळ जागाही कळते. डेटा बंद करून, कुठल्यातरी खिंडीत, रात्रभर बंद असलेला फोन चालू करून बघा, मग तोही आपल्या डब्यासारखाच चाचपडतो. काही ट्रॅकरही सिमवरून अशी मदत घेतात, बरेचसे स्वस्तातले घेत नाहीत. विकत घेताना हे जरूर विचारा. विकणाऱ्याला उत्तर देता येतं का तेही कळेल.

आता यातली खरी मेख. बिट खराब आले की ते तपासणीत नापास होतात आणि तेवढा भाग फुकट जातो. तोच भाग पुन्हा येतो ३० सेकंदांनी. गाडी ताशी ४० ने चालली असेल तर ३० सेकंदांत सव्वातीनशे मीटर पुढे जाते. दोन्ही बाजूंनी वडाची जुनी झाडं असलेला रस्ता असेल तर तेवढ्यात पुन्हा एखादी फांदी आड येते, पुन्हा नापास, पुन्हा ३० सेकंद. त्यातही एका उपग्रहाचं इफेमेरिस मिळून भागत नाही. अक्षांश, रेखांश, उंची आणि रिसीव्हरच्या घड्याळाची चूक अशा चार अनोळखी संख्या सोडवायच्या, म्हणून किमान चार उपग्रह लागतात. चौघांचाही पाठ अखंड ऐकायला हवा. उभ्या गाडीला एक मिनिट लागलं असतं, तेच चालत्या गाडीला झाडाखालून वीस मिनिटं लागतं ते असं.

म्हणून ड्रायव्हर लोकांना मी एवढंच सांगतो: चावी मारल्यावर आभाळ दिसेल अशा जागी एक मिनिट उभे राहा, मग हला.

शोधणं वेगळं, धरून ठेवणं वेगळं

एक कोडं मला फार पूर्वी सतावायचं. गाडी चालू स्थितीत पत्र्याच्या शेडमध्ये शिरते तेव्हा लोकेशन टिकून राहतं. तीच गाडी त्याच शेडमध्ये सकाळी चालू केली तर लोकेशन येत नाही. शेड तीच, अँटेना तीच.

वारीत एकामागून एक दिंड्या चालल्यात आणि प्रत्येक दिंडीत वेगळा अभंग चालू आहे असं समजा. तुम्ही दूर, माळावर उभे. कानावर येतो तो सगळ्यांचा मिळून नुसता गलका. पण एखादा अभंग तुम्हाला तोंडपाठ असेल तर तुम्ही मनात तोच म्हणत राहता, आणि कधीतरी मनातला ताल आणि बाहेरचा ताल जुळतो. जुळला की त्या गलक्यातून तेवढा अभंग स्वच्छ ऐकू यायला लागतो. मग दिंडी थोडी लांब गेली तरी सुटत नाही.

रिसीव्हर हेच करतो. प्रत्येक जीपीएस उपग्रहाचा स्वतःचा ठरलेला कोड आहे, १०२३ तुकड्यांचा, दर मिलिसेकंदाला एकदा पूर्ण होणारा. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, एकाच वेळी बोलतात. रिसीव्हरला सगळ्यांचे कोड तोंडपाठ असतात. माहीत नसतं ते दोनच: उपग्रह या क्षणी कोडच्या कितव्या तुकड्यावर आहे, आणि कुठल्या पट्टीत गातोय. पट्टी बदलते कारण उपग्रह आपल्याकडे येत किंवा आपल्यापासून जात असतो; डॉप्लरमुळे फ्रिक्वेन्सी साधारण ५ किलोहर्ट्झपर्यंत वर किंवा खाली सरकते.

आता हिशोब करा. अर्ध्या-अर्ध्या तुकड्याने सरकत गेलं तर २०४६ जागा. दोन्ही बाजूंना ५ किलोहर्ट्झ, ५०० हर्ट्झच्या पायरीने, म्हणजे २१ पट्ट्या. एका उपग्रहासाठी ४२,९६६ खणं तपासायची. कोण वर आहे हेच माहीत नसेल तर ३२ कोड, म्हणजे पावणेचौदा लाख खणं. त्यात रिसीव्हरच्या स्वतःच्या क्रिस्टलची, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या स्फटिकाची, चूक मिळवा. क्रिस्टल दहा लाखांत एकाने चुकला तरी पट्टी दीड किलोहर्ट्झने हलते. आजच्या चिप हजारो खणं एकदम तपासतात, त्यामुळे सिग्नल जोरदार असेल तर हा शोध चुटकीसरशी होतो. उघड्या मैदानात कोल्ड आणि वॉर्म स्टार्टमध्ये फारसा फरक दिसत नाही तो म्हणूनच. दोघांचाही वेळ जातो तो इफेमेरिसच्या ३० सेकंदांत.

फरक पडतो तो सिग्नल मरतुकडा असताना. तसाही उघड्यावर येणारा सिग्नल म्हणजे एका वॅटचे कोटी गुणिले कोटी तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे आणखी शंभर करा, त्यातला एक. पत्र्याखाली त्याचाही चुरा होतो. मग प्रत्येक खणात थोडं जास्त वेळ कान लावून बसावं लागतं, आणि लाखो खणांत जास्त वेळ बसायला सवड कुणाला आहे? वेळ, जागा आणि इफेमेरिस आठवत असेल तर कोण वर आहे, कुठल्या पट्टीत आहे हे आधीच ठाऊक. मोजक्याच खणांत निवांत बसता येतं. एकदा ताल धरला की शोधायचंच नसतं, नुसतं मागे मागे जायचं.

हौशी लोकांच्या लाडक्या निओ-६एम मॉड्यूलच्या, म्हणजे नुसत्या जीपीएस रिसीव्हरच्या छोट्या बोर्डच्या, माहितीपत्रकात हे आकड्यांत लिहिलंय. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. कोल्ड स्टार्टसाठी सिग्नल किमान उणे १४७ डीबीएम हवा, हॉट स्टार्टला उणे १५६ चालतो, आणि एकदा पकडल्यावर उणे १६१ पर्यंत धरून ठेवतो. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात १४ डीबीचा फरक, म्हणजे सुमारे २५ पट. शेडमध्ये शिरणारा ट्रॅकर आणि शेडमध्ये जागा होणारा ट्रॅकर यांच्यात एवढी दरी असते.

टँकरची केस

एका दूध संकलनवाल्यांचे पाच टँकर. त्यातले तीन रोज सकाळी उशीर लावायचे, एक तर चौदा किलोमीटर गेल्यावर उगवायचा. मालकांना संशय ड्रायव्हरवर. मुद्दाम वायर काढून दूध कुठेतरी उतरवतात असा. ड्रायव्हर मामा बिचारे पन्नाशीचे, माझ्यासमोर देवाची शपथ घ्यायला लागले.

पहाटे चार वाजता जाऊन बसलो. टँकर पत्र्याच्या शेडमध्ये, तीन बाजूंनी भिंत. मामा आले, सीटमागचा बॅटरी कटऑफ चालू केला, डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती ओवाळली, स्टार्टर मारला, निघाले. बाहेर पडताच वडाच्या झाडांचा रस्ता.

दुपारी मैदानात घड्याळाची चाचणी घेतली. कटऑफ पाच मिनिटं बंद ठेवून चालू केला तर ४८ सेकंद. हे दोन-पाच सेकंद यायला हवं होतं. ट्रॅकर उघडला तर आतली छोटी बॅटरी पापडासारखी फुगलेली, मीटरवर एक व्होल्टसुद्धा नाही. उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डखाली लिथियमची बॅटरी दोन-तीन वर्षांत अशीच होते. त्यात बसवणाऱ्याने ट्रॅकरची लाल वायर कटऑफच्या पुढे जोडलेली. म्हणजे रात्री कटऑफ बंद केला की बाहेरचा करंट बंद, आतली बॅटरी मेलेली, घड्याळही थांबलं, सगळी पाटी कोरी. रोज सकाळी कोल्ड स्टार्ट, तोही पत्र्याखाली, मग झाडांखालून चालत्या गाडीत. तिन्ही संकटं एकदम.

बॅटरी बदलली. लाल वायर कटऑफच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवर घेतली, फ्यूज घालून. झोपलेला ट्रॅकर इतका थोडा करंट घेतो की ट्रकची बॅटरी त्याने उतरत नाही. मालकांना हे पटवायलाच जास्त वेळ गेला. दोन टँकर त्या दिवशीच सुधारले.

तिसरा सुधारला नाही. तो मैदानातही चार-पाच मिनिटं घ्यायचा. त्याची खोड आकड्यांत सापडली.

आकडे बघायची सवय लावा

प्रत्येक रिसीव्हर कुठला उपग्रह किती जोरात ऐकू येतोय याचा आकडा देत असतो, डीबी-हर्ट्झमध्ये. ट्रॅकरला हे लॅपटॉप जोडून किंवा स्टेटसची कमांड पाठवून बघता येतं; मॉड्यूल असेल तर ९६०० च्या वेगाने सिरियलवर ओळींमागून ओळी येतात, त्यातल्या जीएसव्हीच्या ओळी बघायच्या. उघड्यावर ४० ते ४५ म्हणजे झकास. पस्तिशीत चालतं. तिशीच्या खाली गेलं की संदेशाचे बिट गळायला लागतात. विशीत असेल तर उपग्रह यादीत दिसतो पण त्याचं इफेमेरिस उतरत नाही. "अॅपवर आठ सॅटेलाइट दिसतात तरी लोकेशन का नाही?" याचं उत्तर हेच: दिसतात, पण काय म्हणतात ते ऐकू येत नाही.

आकडे पडलेत एवढं बघून थांबू नका, कसे पडलेत ते बघा. एका बाजूच्या उपग्रहांचे पडलेले आणि दुसऱ्या बाजूचे चांगले, तर काहीतरी आड येतंय: केबिनचं छत, काचेवरची धातूची फिल्म, शेजारची भिंत. सगळ्यांचे सारखेच पडलेले, तर अँटेना, तिची केबल किंवा गोंगाट.

तिसऱ्या टँकरचे सगळेच २८ ते ३३ मध्ये होते. एकही चाळिशीत नाही. अँटेनाची केबल हलवली, फरक नाही. मग एकेक वस्तू बंद करत गेलो. टेप बंद, पंखा बंद, काही नाही. डॅशकॅमचा सिगारेट लायटरमधला चार्जर उपटला आणि डोळ्यांसमोर सगळे आकडे आठ-नऊने वर आले. चार्जरची वायर अँटेनाला चिकटूनच नेलेली होती. स्वस्त चार्जर चोवीस व्होल्टचे पाच करताना जो खरखराट करतात तो थेट अँटेनात. अँटेना काचेच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली, चार्जर बदलला, मैदानात ३५ सेकंद.

मामांना सांगितलं, "उदबत्ती शेडमध्ये नका लावू, गेटबाहेर टँकर काढा आणि तिथे लावा." तेवढ्यात दिवा लागतो. ते आता तसंच करतात.

अँटेनाबद्दल एक हमखास चूक. चौकोनी सिरॅमिकचा तुकडा असतो ना, त्याचं तोंड आभाळाकडे हवं. डबल टेप ज्या बाजूला नीट चिकटतो त्या बाजूने लावून टाकतात आणि अँटेना वर्षभर गाडीच्या फ्लोअरकडे बघत राहते.

स्वतः बोर्ड बनवणाऱ्यांसाठी

कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी येतात त्यांची तक्रार थोडी वेगळी: "घरी टेबलावर चालतं, शेतात चालत नाही." बॅटरी वाचवायला दर दहा मिनिटांनी मॉड्यूल चालू करायचं, लोकेशन घ्यायचं, करंट तोडायचा, असा कार्यक्रम असतो. एका पोराचा कोड वाचला तर त्यात २० सेकंदांत लोकेशन नाही मिळालं तर बंद करा असं लिहिलेलं. आता इफेमेरिसची फेरीच ३० सेकंदांची! वीस सेकंदांत ते क्वचितच पुरं होणार, बंद केल्यावर अर्धवट जमवलेलं जाणार, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. हे यंत्र जवळपास कधीच लोकेशन देणार नाही, आणि त्यात कुठलाही भाग खराब नाही. टेबलावर चाललं ते केवळ तिथे यूएसबी सतत जोडलेली होती म्हणून.

उपाय दोन. पहिल्या वेळी निदान दोन-तीन मिनिटं वाट बघा. आणि मुख्य करंट तोडलात तरी बॅकअपची पिन जिवंत ठेवा. तिला मायक्रोअँपियरमध्ये करंट लागतो. मग चार तासांच्या आतली प्रत्येक पुढची वेळ एक-दोन सेकंदांत निघते, आणि बॅटरी खरी वाचते ती इथे. निओ-६एमच्या निळ्या बोर्डवर बटनाएवढा सेल असतो, पण नवा बोर्ड पाकिटातून काढला तेव्हा तो बहुतेक रिकामाच असतो. आधी काही तास बोर्ड चालू ठेवून तो भरू द्या, नंतर न्याय करा.

जागा बरोबर, तारीख भलतीच

कधी दिवा वेळेवर लागतो, लॅपटॉपवर अक्षांश-रेखांश बरोबर, तरी नकाशावर गाडी नाही. तेव्हा तारीख बघा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत असतो, म्हणजे १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून. ती ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आणि एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा शून्यावर आली. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८. कितवी फेरी चालू आहे हे रिसीव्हरच्या फर्मवेअरने, म्हणजे आतल्या प्रोग्रॅमने, ठरवायचं असतं, आणि जुन्या फर्मवेअरची तशी ठरवायची मुदत मधल्याच एखाद्या दिवशी संपते. मग तारीख साडेएकोणीस वर्षांहून थोडी जास्त मागे जाते आणि सर्व्हर तो जुना डेटा समजून फेकून देतो. यावर वायर, अँटेना, बॅटरी काही बदलून उपयोग नाही. फर्मवेअर अपडेट मिळालं तर ठीक, नाहीतर नवा ट्रॅकर.

राहिलेलं थोडं

"ढग आहेत म्हणून लागत नसेल" हे मी दर पावसाळ्यात ऐकतो. ढगाने आणि पावसाने या फ्रिक्वेन्सीला जवळपास काही होत नाही. ओल्या झाडाने मात्र होतं, आणि अँटेनावर पाणी साचलं तरी होतं. दोष आभाळाचा नाही, टपावर ओल्या ताडपत्रीखाली दाबलेल्या अँटेनाचा.

नाविकबद्दलही, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेबद्दल, विचारतात. एआयएस-१४० या सरकारी मानकाचे ट्रॅकर बसवताना ते येतंच. आपल्या या यंत्रणेचे काही उपग्रह भूस्थिर कक्षेत, म्हणजे आपल्याकडून बघितलं तर कायम दक्षिणेच्या आभाळात एकाच जागी. बाकीचे तिथल्या तिथे इंग्रजी आठचा आकडा काढत फिरतात. ट्रॅकरच्या कामाचा त्यांचा मुख्य सिग्नल ११७६.४५ मेगाहर्ट्झवर, आणि त्याच्या संदेशाची फेरी ४८ सेकंदांची. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून जीपीएसच्या १५७५.४२ वरही सिग्नल द्यायला सुरुवात झाली. तेव्हा डब्यावर नाविक लिहिलंय पण अँटेना नुसत्या १५७५ ची लावलीय, तर त्या ११७६ वाल्या उपग्रहांचा तुम्हाला उपयोग शून्य. असा जोडा मी बऱ्याच गाड्यांत बघितलाय.

एवढं करूनही फोन करायचाच असेल तर अवश्य करा, पण मैदानातल्या तिन्ही वेळा सेकंदांत लिहून ठेवा, कुठला दिवा लागत नाही ते बघा आणि गाडी रात्री कशाखाली उभी होती ते सांगा. आणि मी पोचेपर्यंत रीसेट मारू नका.